ओहळापलीकडून आलेलं जेवण

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला पटवत बसण्याचं वय माझं राहिलं नाही. जे घडलं तेवढं सांगते.

माझी सख्खी मावशी कमू, तिच्या बाबतीत हे घडलं. तिने मला ते तीन वेळा सांगितलं. मध्ये वर्षांचं अंतर होतं, पण तिन्ही वेळा गोष्ट तीच. शिवाय यात एक शिपाई येतो, सुकऱ्या नावाचा. तो म्हातारा झाल्यावर मी स्वतः जव्हारला जाऊन त्याला भेटले. त्याने सांगितलेलं आणि मावशीने सांगितलेलं जुळलं.

एक आधीच सांगते. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही.

सगळं भर दुपारी झालं.

साल १९५८. जव्हारचं संस्थान विलीन होऊन दहा वर्षं झाली होती. होळी नुकतीच संपली होती. मोखाडा भागात, पोशेऱ्याच्या खालच्या अंगाला बारा घरांचा एक पाडा होता. अजून आहे. नाव मुद्दाम देत नाही, तिथे माणसं राहतात.

मावशी आमच्या जामसरची. लग्न होऊन त्या पाड्यावर गेली तेव्हा सतरा वर्षांची होती. लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या. जीव वाचला, पण तोंडावर वण राहिले. सासरी तिला नावाने हाक मारणारं कमीच. पाणी आण, भात कांड, गुरं सोड... एवढंच बोलणं. नवरा, रघुकाका, माणूस चांगला होता, पण पावसाळा सोडला तर तो वसईकडे मिठागरात कामाला असायचा.

त्या वर्षी देवीची साथ आली.

आधी लांबून बातम्या आल्या. अमक्या गावात पाच गेले, तमक्या पाड्यात घरंच्या घरं गेली. खरं काय, खोटं काय, कळायला मार्ग नव्हता. माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसेनाशी झाली. कुणी शिंकलं तरी सगळे त्याच्याकडे बघायचे.

मग मावशीच्या सासूला, कोंडीला, ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर फोड दिसले. दोन दिवसांनी शेजारच्या घरातली नवी सून आजारी पडली. माघी तिचं नाव. लग्नाला तीन महिने झाले होते.

पाड्याची माणसं जमली. ओहळाच्या पलीकडे कारवीच्या कुडाचं एक खोपटं होतं, त्यात दोघींना ठेवायचं ठरलं. पण त्यांचं बघणार कोण?

सगळ्यांनी मावशीकडे बघितलं.

नवसू म्हणून पाड्याचा कारभारी होता. तो म्हणाला, "तुला देवी येऊन गेल्यात. तुला काय व्हायचं नाय."

कुणी तिला विचारलं नाही. तिनेही नाही म्हटलं नाही.

होळीनंतर पाचव्या दिवशी ती त्या दोघींना घेऊन ओहळाच्या पलीकडे गेली. तिच्यामागे पाड्यातल्या माणसांनी वाटेवर बोरीच्या काट्या टाकल्या. भगताने निंबाच्या डहाळीचा टाळा बांधला. दोघी बऱ्या होऊन खपल्या पडेपर्यंत कुणी अलीकडे यायचं नाही, असं ठरलं. खोपटाच्या मागे उभा कडा. बाजूला रान. जायचं म्हटलं तर तेवढी एकच वाट, ओहळातून पाड्याकडे.

जेवण दुपारी यायचं.

मावशीची थोरली जाऊ, जिजा, ते घेऊन यायची. ओहळाच्या काठाला एक सपाट दगड होता. त्यावर पळसाच्या पानात भाकरी आणि भाजी ठेवायची. भांडं परत न्यायला नको म्हणून पान. मग मागे जाऊन मोहाच्या झाडाखाली उभी राहायची आणि हाक द्यायची.

"कमूऽऽ... जेवण ठेवलंय."

मावशी ओरडून सांगायची, दोघींचं कसं काय आहे. जिजा ऐकायची आणि निघून जायची. दोन वाक्यांच्या वर बोलणं नाही. तीही घाबरलेली होती.

मावशी म्हणायची, आत दिवस जात नसे. माघी तापात माहेरच्यांना हाका मारायची. कोंडीचे डोळे सुजून मिटले होते. मावशी त्यांच्या अंगावर निंबाचा पाला फिरवायची, माश्या हाकलायची, पाणी पाजायची. झोप नाही. रघुकाकाची खबर नाही. मिठागरात साथ पोचली का, तो आहे का गेला, काही कळत नव्हतं.

आधार एकच होता. चढावापलीकडून पाड्याचे आवाज यायचे. पहाटे कोंबडा. मग कांडण. मग कुत्री, पोरं. ते ऐकलं की तिला वाटायचं, जग जागेवर आहे.

खोपटातल्या नवव्या दिवशी माघी गेली.

मावशीने एकटीने कुदळीने खड्डा खणला. जमीन खडकाळ होती. दुपारी जिजा आली तेव्हा मावशीने ओरडून सांगितलं, माघी गेली.

 तोंडाला पदर लावून जिजा पाड्याकडे पळत गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी उठली तेव्हा ऊन वर आलं होतं. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

काय, ते कळेना.

दुपार झाली. ती दाराशी बसून राहिली. आज जिजा येते की नाही, या धास्तीने.

आणि हाक आली...

"कमूऽऽ..."

दगडावर पान होतं. मोहाच्या झाडाखाली मात्र कुणी दिसत नव्हतं. आवाज झाडाच्या मागून आला होता. मावशीला वाटलं, माघी गेल्यामुळे जिजा आणखी घाबरली असेल, म्हणून समोर येत नसेल.

तिने पान उचललं. भाकरी गरम होती.

तेवढ्यात झाडामागून आवाज आला.

"झोप लागली का गं?"

मावशी तिथेच उभी राहिली. लग्न झाल्यापासून दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सासरी नाही, साथीत नाही. तिला एकदम रडू आलं. तिने सांगितलं, नाय लागली. माघीचा आवाज कानात येतो. खड्डा खणताना हात सोलले.

आवाज ऐकत राहिला. मध्ये मध्ये नुसतं "हूं... हूं..." करत होता.

त्या दिवशीच्या भाकरीला मीठ नव्हतं. भाजीलाही नव्हतं. देवीचं पाळतात म्हणून असेल, असं तिने धरलं.

कोंडीने मात्र तोंड मिटून घेतलं.

तिने विचारलं, कोण आलं होतं? मावशी म्हणाली, जिजाबाय.

म्हातारीने घास हाताने बाजूला सारला. मग म्हणाली, "ती जिजा नाय. मला ते देऊ नको."

मावशीला वाटलं, तापातलं बोलणं. येताना त्यांनी नागलीच्या पिठाची एक पिशवी बरोबर आणली होती. त्याची आंबील करून ती सासूला पाजू लागली. दगडावरचं जेवण ती एकटी खायची.

असे पाच-सहा दिवस गेले.

रोज दुपारी हाक. रोज काहीतरी विचारणं. आज काय केलंस? पाठ दुखते का? तुला लहानपणी देवी आल्या तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं?

मावशी सांगायची. सगळं सांगायची. तोंडावरच्या वणांचं, लग्नाच्या दिवशी बायका काय कुजबुजल्या त्याचं, रघुकाका आपल्याकडे नीट बघत नाही असं तिला वाटायचं त्याचं. सकाळपासून ती दुपारची वाट बघायला लागली. केस विंचरणं सुटलं. अंघोळ सुटली. सासूचं करायची, पण लक्ष सगळं ओहळाकडे.

एके दिवशी सकाळी कोंडीने तिला जवळ बोलावलं. फोड सुकायला लागले होते, पण डोळे अजून मिटलेले.

"पोरी... कोंबडा कवा ऐकलास?"

मावशी म्हणाली, आज सकाळी.

"आठव."

ती आठवायला लागली...

आज नाही. काल नाही. परवा नाही.

कांडणाचा आवाज नाही. कुत्रं नाही. पोरं नाहीत. धुराचा वाससुद्धा नाही. माघी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चढावापलीकडून काहीही ऐकू आलं नव्हतं. डोळे मिटलेल्या म्हातारीला ते कळलं होतं. डोळे उघडे असलेल्या मावशीला नाही.

मावशी उठून दाराशी गेली.

आणखी एक गोष्ट तिला तेव्हा दिसली. मोहाची फुलं पडायचे ते दिवस. पहाटे टोपल्या घेऊन बाया झाडाखाली असतात, एक फूल ठेवत नाहीत. पण समोरच्या मोहाखाली फुलांचा थर साचला होता. वरची ताजी, खालची काळी पडलेली. त्यांचा आंबूस वास खोपटापर्यंत येत होता.

त्या दुपारी हाक आली तेव्हा तिने विचारलं. पाड्यातला कोंबडा का आरवत नाय? कांडण का ऐकू येत नाय? कुत्री कुठं गेली?

झाडामागे शांतता.



मग चढावापलीकडे कोंबडा आरवला.

एकदाच.

त्यानंतर कांडण सुरू झालं. धप्... धप्... धप्...

त्यानंतर कुत्रं भुंकलं.

तिने ज्या क्रमाने विचारलं होतं, त्याच क्रमाने.

मी मावशीला विचारलं होतं, तेव्हा तू घाबरली नाहीस? ती म्हणाली, नाही गं. मला बरं वाटलं. पाडा आहे, माणसं आहेत, असं मनाला सांगता आलं. तिने आत जाऊन सासूला सांगितलं, ऐकलंस ना, कोंबडा आरवला.

कोंडीने भिंतीकडे तोंड केलं. तिनेही ऐकलं होतं.

पुढे कोंडीच्या खपल्या पडल्या. एक डोळा गेला, दुसरा उघडला. ठरल्याप्रमाणे आता दोघींनी परत जायला हरकत नव्हती. मावशीने ओहळाकाठी जाऊन विचारलं, आता येऊ का?

"अजून नको."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

"अजून नको येऊ."

तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही.

कोंडी म्हणायची, चल, आपण जाऊ. पण तिला उभं राहता येत नव्हतं. रांगत ती दारापर्यंत जायची आणि मावशी तिला परत आणून निजवायची. हे सांगताना मावशीची मान खाली गेली होती. म्हणाली, मी म्हातारीला कोंडून ठेवलं होतं गं. मला जायचंच नव्हतं.

नागलीचं पीठ संपत आलं होतं.

आणि एके दिवशी दुपारी ओहळातून दोन माणसं चालत आली.

एक मोखाड्याहून आलेले लस टोचणारे साहेब, दुसरा त्यांचा शिपाई सुकऱ्या. शेजारच्या पाड्यावर त्यांना कळलं होतं की इथे आजारी आहेत. खोपटाचा धूर बघून ते ओहळ ओलांडून आले होते. साहेबांनी कोंडीला तपासलं. मावशीला विचारलं, किती दिवस झाले इथे? ती म्हणाली, दहा-बारा.

साहेबांनी होळीपासून दिवस मोजले. इथे येऊन अठ्ठावीस झाले होते.

मग त्यांनी विचारलं, खाता काय? मावशी म्हणाली, पाड्यातून जेवण येतं.

साहेब तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाई, आम्ही पाड्यातूनच आलो. तिथे कुणी नाही. घरांची दारं बांधून माणसं रानात गेलीत. बरेच दिवस झाले असतील."

मावशी म्हणाली, असं कसं, आत्ताच जेवण ठेवलंय.

तिने बोट दाखवलं.

दगडावर पळसाचं पान होतं. ओहळ ओलांडताना त्या दगडाला हात टेकूनच ते दोघे वर आले होते. सुकऱ्याने मला शपथेवर सांगितलं, तेव्हा दगड मोकळा होता.

साहेब खाली उतरले. भाकरीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. वाफ निघत होती.

तेवढ्यात...

"कमूऽऽ... कोण आलंय गं?"

तिघांनी ऐकलं. चौथी कोंडी, आतून तिनेही ऐकलं.

साहेबांनी सुकऱ्याला खुणेने बघून यायला सांगितलं. तो तेव्हा पंचविशीतला, धाडसी माणूस. पाणी ओलांडून त्याने मोहाच्या झाडाला पूर्ण फेरी मारली. कुणी नाही. झाडाखाली फुलांचा थर घोटाभर, आणि त्यात पावलांच्या खुणा एकाच माणसाच्या.

त्याच्या स्वतःच्या.

तो तिथे उभा राहून, कुणी नाही म्हणून हात हलवत होता. तेव्हाच पुन्हा आवाज आला. अगदी सावकाश, लाडात बोलावं तसा.

"यांनापण ठेवून घे."

सुकऱ्या म्हणाला, माझ्या खांद्यापाशी बोललं ते. श्वास लागला कानाला. थंड नव्हता. आपल्यासारखाच, ऊन ऊन.

तो धावत परत आला. साहेबांनी लगेच म्हातारीला सुकऱ्याच्या पाठीवर दिलं, मावशीचा हात धरला आणि निघाले. मावशी जाईना. ओहळाच्या मध्यावर ती बसलीच, कमरेइतक्या पाण्यात. साहेबांनी तिला ओढत काठावर आणलं.

मागून हाक आली नाही.

पण पुढून आवाज यायला लागले.

कोंबडा. कांडण. कुत्री. पोरांचं ओरडणं. कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. चढावापलीकडे बारा घरांचा पाडा दुपारचा जसा गजबजलेला असतो, तसा गजबजला होता. तिघंही चढ चढत होते आणि आवाज मोठा होत होता. दुसरी वाट नव्हती. त्यातूनच जायचं होतं.

सुकऱ्या म्हणायचा, साहेबांचा चेहरा पांढरा झाला होता, कारण तासाभरापूर्वी आम्ही तिथूनच आलो होतो.

ते चढावाच्या माथ्यावर पोचले.

आणि सगळं थांबलं.

एकदम. कुणी तोंडावर हात ठेवावा तसं.

समोर बारा घरं. दारं सुंभाने बांधलेली. अंगणात पाला साचलेला. उखळात कोळ्याने जाळं विणलेलं...

ते मोखाड्याला पोचेपर्यंत कुठे थांबले नाहीत.

पाड्यातली माणसं पंधरा दिवसांनी परत आली. माघी गेल्याचं कळलं त्याच रात्री त्यांनी पाडा सोडला होता. मोठी साथ आली की पूर्वी असं गाव सोडून रानात जायचे. या दोघींना सांगायचं नाही, असं नवसूने बजावलं होतं. सांगितलं तर कमू मागे येईल, आणि तिच्याबरोबर देवीही येतील.

जिजा मावशीच्या पाया पडून रडली. म्हणाली, "माघी गेली त्या दिवशी मी शेवटची आलते. नंतर नाय आले गं. मला कुणी येऊ दिलं नाय."

मावशीला तिचा राग आला नाही. तिने फक्त एवढंच विचारलं की, मग मला झोपेचं कोण विचारायचं?

 भगताने खोपटं जाळायला लावलं. कुणी म्हणालं माघीच होती ती, पण माघी जिवंत असताना मावशीशी धड चार शब्द बोलली नव्हती. कुणी म्हणालं देवीच होती. कोंडी पुढे अकरा वर्षं जगली. यावर काही विचारलं तर उठून जायची.

एक मात्र झालं. मावशीने अठरा-एकोणीस दिवस ते अन्न खाल्लं होतं, हे पाड्यात पसरलं. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. बायका पोरांना तिच्या सावलीत येऊ देईनात. ओहळाच्या पलीकडे होती तेव्हाही ती एकटी होती, अलीकडे आल्यावर जास्त झाली. पावसाच्या आधी रघुकाका मिठागरातून आला, त्याने हे बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन जामसरला आला. पुन्हा त्या पाड्यावर राहायला गेला नाही. त्यांना दोन मुली झाल्या. संसार चांगला झाला. काकाने तिला आयुष्यभर जपलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिसऱ्यांदा तिने मला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती साठीच्या पुढे होती. काका नुकताच गेला होता. मी सहज विचारलं, मावशी, परत कधी गेलीस का गं तिकडे?

मला वाटलं, नाही म्हणेल.

ती म्हणाली, दोनदा गेले. घरी सांगितलं, सासूला बघायला जाते. पण गेले ओहळावर. दुपारची दगडापाशी बसले आणि मीच हाक मारली.

मी विचारलं, मग?

"कुणी ओ दिली नाय."

हे सांगताना तिचे डोळे भरले होते. भीतीने नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी तिला म्हटलं, आणि दिली असती तर?

मावशी माझ्याकडे बघत राहिली.  पदराने डोळे पुसले आणि आत चहा ठेवायला गेली.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी पस्तीस वर्षं शाळेत नोकरी केली. जिकडे पाठवलं तिकडे गेले, कधी तक्रार केली नाही. त्या पाड्यावर पुढे शाळा निघाली. माझी बदली दोनदा तिथे निघाली होती. दोन्ही वेळा मी अर्ज करून ती रद्द करून घेतली.

कारणाच्या जागी मी पाठदुखी लिहिलं. माझी पाठ कधीच दुखत नव्हती.